संगनमताचा दिवा

सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळं होतात, लाखेचे पाट होतात, गंजिफांचे गोल पत्ते रंगवले जातात. तिथे कधी पोकरचं टेबल होईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. झालं तेव्हाही निम्म्या आळीला ते जेवणाचंच टेबल वाटलं, आणि कडेने एवढी जाड गादी लावल्यावर ताटं ठेवायची कुठे, असा प्रश्न शेजारच्या दोघीतिघींनी हेमांगीला गंभीरपणे विचारला.

हेमांगी चितारी एक्कावन्न वर्षांची होती. वडिलांच्या मागे कारखाना तिने चालवला होता. लाकूड फिरवायचा कात, रंधा, पटाशी सगळं तिच्या हातात होतं. लग्न केलं नव्हतं, आणि त्याबद्दल बोलायचं आळीने दहा वर्षांपूर्वी कंटाळून सोडून दिलं होतं. पणजीच्या एका कंपनीला कॅसिनोंसाठी एक नव्या प्रकारचं टेबल हवं होतं. लाकूडकाम हेमांगीचं आणि आतली यंत्रणा मिरजेच्या शिरीष कुपवाडेची, असं ठरलं. शिरीषचं सगळं आयुष्य हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं बनवण्यात आणि इस्पितळांतून बसवण्यात गेलं होतं. एकसष्ट वर्षांचा, विधुर, उंच आणि जरा वाकलेला. गेल्या जुलैत दोन महिन्यांसाठी म्हणून आला आणि आता मार्च अर्धा सरला होता. हेमांगीचा काका त्याला डॉक्टर म्हणायचा. आपण डॉक्टर नाही हे शिरीषने पहिल्या आठवड्यात चार वेळा सांगून पाहिलं, मग नाद सोडला.

टेबलाची करामत अशी होती. प्रत्येक पत्त्यात केसाएवढी बारीक चकती होती, त्यामुळे कोणतं पान कुणापुढे आहे ते टेबलाला कळत असे. वरच्या हिरव्या कापडात धातूचे धागे विणले होते. हात टेकला, उचलला, नुसता आखडला, तरी त्याची नोंद होई. खरी गंमत मात्र कडेच्या गादीत होती. माणसाचं हृदय दर ठोक्याला रक्त फेकतं तेव्हा सगळं शरीर किंचित हिसका खातं, बंदूक झाडणाऱ्याच्या खांद्याला बसतो तसा. तो इतका हलका असतो की आपल्याला जन्मभर कळत नाही. पण खेळणारा कोपर गादीवर टेकून बसतो, आणि गादीखालच्या पातळ पापुद्र्याला तो हिसका कळतो. ना तार लावायची, ना पट्टा बांधायचा. दोनशे डाव झाले की टेबलाला त्या माणसाची साधी चाल कळते, आणि मग तो कधी बिचकतो, कधी आतून उडी मारतो, तेही कळतं.

हे सगळं कशासाठी, तर लबाडी पकडायला. पोकर म्हणजे तीन पत्तीचा शिकलासवरलेला चुलतभाऊ. हातातली पानं लपवायची आणि चेहऱ्याने खोटं बोलायचं, एवढं त्यात कायदेशीर आहे. दोघांनी आतून हातमिळवणी करून तिसऱ्याला नागवायचं, ते नाही. तसे दोघं असले की एकाला चांगली पानं आली हे दुसऱ्याला खुणेने कळतं आणि दुसऱ्याचा ठोका चुकतो, खरं तर चुकायचं काही कारण नसताना. आठ खुर्च्या म्हणजे अठ्ठावीस जोड्या. टेबल सगळ्या जोड्या एकमेकींशी पडताळून बघत असे. एका जोडीतले ठोके ओळीने तीन डाव एकमेकांच्या मागे धावले की मधला पिवळा दिवा लागे. त्याला शिरीषने नाव दिलं होतं, संगनमताचा दिवा.

रोज दुपारी तीन ते पाच चाचणीचे डाव होत. हेमांगी पहिल्या खुर्चीत, शिरीष बरोबर समोर पाचव्या खुर्चीत, एकीकडे काका, दुसरीकडे पोस्टातून निवृत्त झालेले परुळेकर, आणि उरलेल्या खुर्च्यांत लाखकामाच्या बाया हात धुऊन येतील तशा. बायांनी आधी खुणा करून मुद्दाम लबाडी केली, टेबलाने सहाव्या डावाला पकडली. काकाने आणि परुळेकरांनी मिशीला हात लावायची खूण ठरवली, तीही पकडली. सगळं झकास चाललं होतं. फक्त एक खोड राहिली. हेमांगी आणि शिरीष समोरासमोर बसले की काहीही न करता पिवळा दिवा लागायचा.

"डॉक्टरानू, तुमचा टेबल काय सांगता? तुमी दोघां माका लुटतास?" काकाने पहिल्यांदा विचारलं होतं.

शिरीषने त्या दिवशी आपल्या बाजूच्या पडद्यावरचे आकडे दोनदा वरखाली केले. मग म्हणाला, "लाकडाचा दोष असेल. एका खुर्चीचा ठोका फळीतून समोरच्या खुर्चीत जात असेल. फणसाचं लाकूड जड असतं ना?"

हे ऑगस्टमधलं. हेमांगीने फणसाची फळी काढून शिवणीची बसवली. दिवा लागला. तिसऱ्या वेळी तिने फळी नऊ तुकड्यांत केली आणि सांध्यासांध्यात रबर भरलं. फळी जोडून झाल्यावर कारखान्यात कुणी नसताना ती पहिल्या खुर्चीशी उभी राहिली, बोटाच्या पेराने टकटक केलं आणि समोर जाऊन कान लावला. मग उलट केलं. तिच्या घराण्यात लाकूड आधी कानाने निवडतात, मग डोळ्याने. ती फळी मुकी होती. एका टोकाचं दुसऱ्या टोकाला काहीसुद्धा जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिवा लागला तेव्हा शिरीष म्हणाला, "अजून थोडं जातंय वाटतं."

"जात असेल," हेमांगी म्हणाली. "पांगारा वापरून बघू. हलका असतो."

एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा तिने आपल्या लाकडावर खोटा आळ येऊ दिला. वडील असते तर त्यांनी तिला तोंड दाखवू नकोस म्हटलं असतं. पण दोष सापडला की टेबल जाणार, आणि टेबल गेलं की शिरीष जाणार. त्याची मुलगी मैथिली ऑकलंडला होती. तिकडे कायम राहायचा परवाना त्याला मिळाला होता आणि एकतीस मार्चच्या आत तिथे पाऊल टाकलं नाही तर तो रद्द होणार होता. तीन वेळा त्याने तिकीट पुढे ढकललं होतं आणि तिन्ही वेळा मुलीला फोनवर सांगितलं होतं, की लाकूड दमट आहे. हेमांगी तेव्हा शेजारीच रंधा मारत असायची. आपल्या लाकडाची परदेशापर्यंत बदनामी होतेय आणि आपल्याला ती गोड वाटतेय, याची तिला लाज वाटायची, आणि तरी वाटायची ती गोडच.

तिला काय हवं होतं ते तिला पक्कं माहीत होतं. दुपारी पावणेतीनला फाटकाची कडी वाजते, ती वाजत राहावी. त्याने चष्मा कपाळावर सरकवून तोच चष्मा सगळ्या बाकांवर शोधावा. तिने कातावर उतरवलेल्या लाखेच्या चकत्या पैशांऐवजी डावावर लावतात, त्या त्याने नुसत्याच बोटांत फिरवत बसावं. या वयात माणसाने एवढं मागावं की नाही, हे ती रोज स्वतःला विचारी. उत्तर येईपर्यंत तीन वाजत आणि डाव सुरू होई.

डावात तो थाप मारतोय हे तिला कडेच्या पडद्यावर ओळखू येई, त्याच्या मनात काय आहे ते मात्र कळत नव्हतं. दिवा तिच्यामुळेच लागतो असं ती धरून चालली होती. आपलंच हृदय मेलं नाचतंय, तो बिचारा यंत्राला दोष नको म्हणून लाकडाचं नाव घेतोय.

काकाला ते पटत नव्हतं. तो गंजिफा रंगवायचा. ऐंशी उलटली तरी त्याची एका केसाची रेघ हलत नसे. चौथं टेबल, पांगाऱ्याचं, तयार झालं तेव्हा तो ब्रश ठेवून आला, फळीवर बोट आपटलं आणि तिच्याकडे बघत राहिला.

"गो हेमा, ह्या लाकडात काय एक खोट नाय."

"असेल काका. डॉक्टर म्हणतात—"

"डॉक्टराक लाकडातला काय कळता? तुका कळता. तू कित्याक गप रवलंस?"

तिने फळीवरचा भुसा पुसून काढला. काका परत आपल्या पाटाशी गेला आणि वाटीत रंग कालवू लागला. "कर, पाचवा कर," एवढं पुटपुटला. "माझा काय जाता."

पाचवं करायची वेळ आली नाही. अठरा तारखेला पणजीहून कंपनीची इंजिनियर आली. सायली प्रियोळकर नाव, अठ्ठावीसेक वर्षांची, हातात एक छोटी पेटी. शिरीष त्या दिवशी प्रवासाच्या कागदांसाठी कुडाळला गेला होता. सायलीने चहा घेतला, टेबलाची लाखेची नक्षी मनापासून न्याहाळली आणि कामाला लागली. पेटीतून एक बोटभर मोटर काढून तिने पहिल्या खुर्चीच्या गादीवर चिकटवली. मोटर ठोक्यासारखी धडधडू लागली. सायली पाचव्या खुर्चीचे आकडे बघत बसली. दहा मिनिटं झाली.

"मॅडम, लाकडातून काहीच येत नाही."

"मला माहीत आहे," हेमांगी म्हणाली आणि मग जीभ चावली.

सायलीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "मग दोष प्रोग्रॅममध्ये असणार," ती म्हणाली आणि लॅपटॉप उघडून एकेक पान खाली सरकवू लागली. कारखान्यात फक्त काकाच्या ब्रशची वाटीवर टेकल्याची टिकटिक येत होती. मग सायली थांबली. परत वर गेली, परत खाली आली.

"दुरुस्ती तर करून ठेवलीये. कुपवाडे सरांनीच लिहिलीये. फक्त बंद ठेवलीये."

"कसली दुरुस्ती?"

"वर टिपण आहे, मराठीत. वाचू?" आणि हो-नाही व्हायच्या आत तिने वाचलं. "एक आणि पाच. पत्त्यांशी संबंध नाही. पत्ते पिसताना, चहा आल्यावर, डाव नसतानाही येतं. दोन्हीकडून. वजा केल्यास दिवा लागत नाही." शेवटच्या दोन वाक्यांपाशी तिचा आवाज हळू झाला. मुलगी हुशार होती. एक नंबरच्या खुर्चीत कोण बसतं हे तिला सकाळीच सांगितलं होतं.

"तारीख आहे?" हेमांगीने विचारलं.

"नऊ ऑगस्ट."

हेमांगी उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. दोन्हीकडून. आधी तिला इतका आनंद झाला की गज धरावा लागला. मग राग आला. आठ महिने या माणसाने तिच्या छातीतलं अक्षर अन् अक्षर वाचलं होतं, तिचं तिलाही नीट न कळलेलं, आणि तोंडाने फक्त लाकूड, लाकूड. मग हिशेब लागला. दुरुस्ती ऑगस्टमध्येच झाली होती. म्हणजे त्यानेच दिवा चालू ठेवला होता. ती ज्या कारणासाठी फळ्या बदलत होती, त्याच कारणासाठी तो त्या बदलायला सांगत होता. दोन शहाणी माणसं, आठ महिने, चार टेबलं.

"मॅडम," सायली मागून म्हणाली, "ही दुरुस्ती आम्हाला हवीच आहे. कॅसिनोत नवराबायको येतात, नवीन लग्न झालेले येतात. टेबलाने त्यांना लबाड ठरवून कसं चालेल? सगळ्या टेबलांत हीच घालू. मी ती चालू करू ना? मग टेबल परवा नेता येईल."

"करा," हेमांगी म्हणाली. "त्यात विचारायचं काय."

शिरीष साडेतीनला आला. सायली निघून गेली होती. परुळेकरांना आणि बायांना हेमांगीने आज डाव नाही म्हणून सांगितलं होतं, आणि काका न सांगताच ब्रश धुऊन घरी गेला होता. ती पहिल्या खुर्चीत बसली होती. शिरीष सवयीने समोर बसला, कोपरं गादीवर टेकली, चष्मा कपाळावर नेला. तिने पत्ते पिसले आणि वाटले. एक डाव झाला. दुसरा झाला. तिसरा झाला. दिवा लागला नाही.

त्याने दिव्याकडे बघितलं आणि मग तिच्याकडे.

"नऊ ऑगस्ट," ती म्हणाली.

त्याने पत्ते खाली ठेवले. झोपेतून उठून तोंड धुवायला पाणी मागावं तसा चेहरा झाला होता त्याचा. "मी तीस वर्षं इस्पितळात यंत्रं बसवली, हेमांगी. आमच्या धंद्यात एक रीत असते. पडद्यावर काय दिसतं ते यंत्र लावणाऱ्याने माणसाला सांगायचं नाही. कितीही भयंकर दिसो, कितीही चांगलं दिसो. पट्ट्या काढायच्या, 'झालं, उठा' म्हणायचं. सांगायचं ते डॉक्टर सांगेल. मी कधी मोडली नाही ती रीत. स्वतःच्या बायकोच्या वेळीसुद्धा नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी म्हटलं, झालं, ऊठ."

"इथे डॉक्टर कोण होता सांगायला?"

"कुणी नव्हता. तेच तर." त्याने समोरची एक लाखेची चकती उलटी केली. "तुमचं मी विचारल्याशिवाय वाचलं होतं. चोरूनच ते. त्याच्यावर माझं बोलणं कसं रचणार? आणि तुम्ही आपण होऊन काही बोलत नव्हता. मला वाटलं, टेबलाला जे कळलं ते तुम्हाला कळू द्यायचं नसेल."

"आणि माझं लाकूड बदनाम केलंत."

"केलं. माफ करा. लाकूड बरं होतं हे मला माहीत होतं."

"मलाही होतं," ती म्हणाली. "तिसऱ्या फळीपासून."

त्याला ते उमगायला क्षणभर लागलं. मग तो हसला, आणि हसता हसता त्याने चष्मा काढून डोळे पुसले. "मग चौथं कशाला केलंत? पांगारा तासून तासून तुमचे हात सोलले होते."

"तुम्ही म्हणालात म्हणून." तिने पत्ते गोळा केले आणि नीट थर लावला, कारण हातांना काहीतरी हवं होतं. "आता ऐका. हे टेबलाने सांगितलेलं नाही, मी सांगतेय. मला तुम्ही इथे हवे आहात. रोज. डाव असो नसो. मी हे ऑगस्टमध्ये बोलायला हवं होतं. लाजले. वाटलं, लोक हसतील. आता तर हसायलाही कुणी उरलेलं नाही."

शिरीषने चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

"मैथिलीला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाळ व्हायचंय," तो म्हणाला. "आई नाही तिला. तीन वेळा मी तिला फसवलं, चौथ्यांदा नाही फसवू शकत. सत्तावीसचं तिकीट काढलंय आज. मोपा विमानतळावरून."

"जायलाच हवं," हेमांगी म्हणाली. तिला ते मनापासून पटत होतं आणि तरी ते नको होतं. जे मागायला आठ महिने लागले, ते मिळायच्या आत त्याचं जाणं नऊ दिवसांवर आलं होतं. पोरीचा हट्ट असता तर भांडता तरी आलं असतं. इथे भांडायलाही कुणी नव्हतं.

"पण तिथे राहायचं नाही मला. तीन महिने. जूनअखेर मी परत येतो."

टेबलाच्या कडेला, तिच्या उजव्या हाताशी, पानाएवढा पडदा होता. दुरुस्तीने फक्त पिवळा दिवा विझवला होता. प्रत्येकाची वेगळी रेघ त्या पडद्यावर अजून चालूच होती. आठ महिन्यांत हेमांगी पाचव्या नंबरची रेघ वाचायला शिकली होती. हातात दुर्री-तिर्री असताना तो एक्का असल्याचा आव आणायचा तेव्हा त्या रेघेला कसा बाक येतो, हे तिला डोळे मिटून काढता आलं असतं. नुसती मान वळवायचा अवकाश होता. मुलगी आहे, नातवंड होणार, स्वच्छ हवा, मोठं घर; जूनअखेर परत येतो म्हणणारी अशी किती माणसं परत येतात? मान वळवली की आत्ता, या क्षणी कळलं असतं. तो तिची समजूत काढतोय की खरं बोलतोय, ते तीन महिने फाटकाच्या कडीकडे कान लावून बसायच्या आधीच कळलं असतं.

शिरीषलाही ते माहीत होतं. ते टेबल त्यानेच बनवलं होतं. त्याने कोपरं हलवली नाहीत. उलट जरा जास्तच दाबून टेकवली, घे, बघ, असं म्हटल्यासारखी.

"हात काढा," हेमांगी म्हणाली.

"काय?"

"गादीवरून हात काढा आणि मग सांगा."

त्याने तिच्याकडे बघितलं. मग सावकाश दोन्ही कोपरं उचलली, खुर्ची मागे सरकवली आणि हात मांडीवर ठेवले. पडद्यावरची पाचवी रेघ सपाट झाली असणार. तिने तिकडे पाहिलं नाही.

"जूनच्या अखेरीला मी परत येईन," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. खरं की खोटं ते तिला कळलं नाही, आणि आता जूनपर्यंत कळणारही नव्हतं.